मोडीचं सोनं आणि दोन समीकरणं

माझ्या काकूला मुलीच्या लग्नात हार घालायचा होता, बावीस कॅरेटचा. नमुना पसंत पडल्यावर कारागिराने वजन सांगितलं ४४ ग्रॅम. सगळं सोनं नव्याने घेणं परवडणारं नव्हतं. म्हणून घरातले जुने डाग, म्हणजे दागिने, मोडायचे आणि कमी पडेल तेवढंच चोख सोनं वर घालायचं असं ठरलं. जळगावात हे रोजचंच आहे. इथल्या पेढ्यांवर लग्नसराईत सासूच्या, आजेसासूच्या डब्यातलं सोनं घेऊन आलेल्या बायका हमखास दिसतात.

मी दहावीला बीजगणित शिकवतो. मिश्रणाची शाब्दिक उदाहरणं आली की वर्गात मरगळ येते. दूध आणि पाणी, दोन भावांचे तांदूळ, आम्लाची दोन द्रावणं. पोरं कुठून तरी एखादी युक्ती पाठ करून येतात आणि उदाहरण थोडं फिरवलं की अडकतात. काकूच्या हाराच्या व्यवहारात त्या धड्यातल्या बहुतेक खाचाखोचा एकापाठोपाठ आल्या, आणि इथे चुकीची किंमत गुणांत नव्हे, ग्रॅमांत मोजायची होती. म्हणून प्रकरण सविस्तर लिहितो. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत, व्यवहार तसाच ठेवला आहे.

डब्यात काय होतं

बावीस कॅरेटच्या पाटल्यांचा जोड, २४ ग्रॅम, हॉलमार्क असलेला. एक जुनी पोकळ साखळी, हॉलमार्कच्या आधीच्या काळातली, धुऊन पुसून वजन १६.८४ ग्रॅम. अठरा कॅरेटच्या दोन अंगठ्या, खडे काढल्यावर प्रत्येकी ४ ग्रॅम. आणि चोख सोन्याची, म्हणजे चोवीस कॅरेटची नाणी, १२ ग्रॅम. ती भिशीतून जमलेली.

सराफाने यंत्रावर साखळीचा टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, पाहिला आणि चिठ्ठीवर लिहिलं: वजन १६.८४, घट पाच टक्के, निव्वळ १६.००, टंच १९. मग म्हणाला, "ताई, नाणी राहू द्या बाजूला. पाटल्या, साखळी, अंगठ्या सगळं एकत्र आटवू. एक लगड होईल, तिच्यात चोख घालून बावीसला आणू. हारही होईल, वर बांगड्याही होतील."

काकूने चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकली आणि "विचारून सांगते भाऊ" म्हणून उठली. विचारायचं होतं मला आणि तिच्या मुलाला, जो यंदा दहावीत आहे.

त्या चिठ्ठीतच एक गफलत आहे. तिच्याकडे नंतर येतो. तूर्त एवढं धरून चालू, की साखळी नंतर समोर आटवून घेतली तेव्हा लगड बरोबर १६ ग्रॅम भरली आणि टंच २० कॅरेट आला.

सरासरीचा मोह

मुलाने वही ओढली आणि पहिलं वाक्य लिहिलं: "२२, २० आणि १८ यांची सरासरी २०. म्हणजे लगड वीस कॅरेटची."

वर्गात निम्मी मुलं हेच लिहितात. तीन आकडे इतके सुबक अंतरावर आहेत की हात आपोआप मधला आकडा उचलतो. पण पाटल्या २४ ग्रॅम आहेत आणि अंगठ्या मिळून ८. दोघींचं मत सारखं कसं धरायचं?

कॅरेट हा दर आहे. दर एकमेकांत मिळवता येत नाहीत. मिळवता येतं ते सोनं. २४ ग्रॅम पाटल्यांत बावीस चोविसांश भाग सोनं आहे, म्हणजे २२ ग्रॅम. १६ ग्रॅम साखळीत १३.३३ ग्रॅम, ८ ग्रॅम अंगठ्यांत ६ ग्रॅम. हे तिन्ही आकडे बिनदिक्कत मिळवा. अपूर्णांक टाळायचे असतील तर चोविसाने भागण्याआधीच थांबावं: वजन गुणिले कॅरेट. या गुणाकाराला मी वर्गात 'कॅरेट-ग्रॅम' म्हणतो. पाटल्यांचे ५२८, साखळीचे ३२०, अंगठ्यांचे १४४. बेरीज ९९२. एकूण वजन ४८. भागाकार २०.६७.

वीस आणि वीस पूर्णांक दोन तृतीयांश यांत काय एवढं बिघडलं, असं वाटेल. बिघडतं ते पुढच्या पायरीला.

लगड बावीसला आणायला किती चोख घालायचं? ते क्ष ग्रॅम मानू. घालण्याआधी ९९२ कॅरेट-ग्रॅम आहेत, घातलेल्या सोन्याचे २४क्ष. तयार मालाचं वजन (४८ + क्ष) आणि त्याचा कॅरेट २२. म्हणून

९९२ + २४क्ष = २२(४८ + क्ष)
९९२ + २४क्ष = १०५६ + २२क्ष
२क्ष = ६४
क्ष = ३२

बत्तीस ग्रॅम. मुलाच्या सरासरीने गेलो असतो तर डावीकडे ९९२ च्या जागी ९६० आले असते आणि उत्तर ४८. म्हणजे सोळा ग्रॅम चोख सोनं जास्तीचं विकत घ्यावं लागलं असतं. ते हवेत जात नाही, दागिन्यातच जातं, हे खरं. पण तयार माल साधारण २२.३ कॅरेटचा झाला असता आणि मोजला गेला असता बावीसचाच. उद्या तो मोडायला नेला तर वरचे शून्य पूर्णांक तीन कोण देतं?

मुलाला समीकरण मांडताना अडचण आली ती उजव्या बाजूला. त्याने २२ × ४८ लिहिलं, क्ष विसरला. ही चूक मी इतक्या वह्यांत पाहिली आहे की हल्ली पहिला प्रश्न हाच विचारतो: भांड्यात काही ओतलंस, मग भांड्याचं वजन वाढलं की नाही? वाढलं ना, मग ते लिही. मिश्रणाच्या उदाहरणात नेहमी दोन खाती असतात, एक सगळ्या मालाचं आणि एक त्यातल्या चोख मालाचं. क्ष दोन्ही खात्यांत जमा व्हायलाच हवा.

पाटल्या हिशेबातून उठतात

आता या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग. मुलाला म्हटलं, पाटल्या बाजूला ठेव आणि फक्त साखळी व अंगठ्यांचं समीकरण मांड.

४६४ + २४क्ष = २२(२४ + क्ष)
२क्ष = ५२८ − ४६४ = ६४
क्ष = ३२

पुन्हा बत्तीसच. मुलाला वाटलं बेरीज चुकली. त्याने दोनदा तपासली.

चुकलेलं काही नाही. पाटल्या आधीच बावीसच्या आहेत आणि आपल्याला बावीसच गाठायचं आहे. त्या समीकरणाच्या डाव्या बाजूला ५२८ आणतात आणि उजव्या बाजूलाही २२ × २४ म्हणजे ५२८च. दोन्हीकडून वजा होऊन जातात. ज्या पातळीवर मिश्रण न्यायचं, त्याच पातळीचा माल भरीच्या हिशेबात कधीच येत नाही. तो फक्त एकूण वजन वाढवतो.

काकूला हे समीकरणाशिवाय कळलं. "म्हणजे पाटल्या आटवून पुन्हा पाटल्यांएवढंच सोनं हातात येणार, आणि मजुरी तेवढी द्यायची?" अगदी तेच. मजुरी तयार मालाच्या ग्रॅमावर लागते. सगळं एकत्र आटवलं असतं तर ८० ग्रॅमांवर लागली असती, आणि त्यातले २४ ग्रॅम असे, की ज्यांच्यावर ती एकदा देऊन झालेली आहे.

पाटल्या डब्यात परत गेल्या.

यातून मोजायची एक सोपी रीतही हाती लागते. प्रत्येक डाग बावीसपेक्षा किती खाली आहे, ते पाहायचं. साखळी दोन कॅरेटने खाली, १६ ग्रॅम, म्हणजे ३२ चा खड्डा. अंगठ्या चार कॅरेटने खाली, ८ ग्रॅम, म्हणजे त्यांचाही खड्डा ३२ चाच. चोख सोनं बावीसच्या दोनने वर, म्हणून त्याचा प्रत्येक ग्रॅम २ चा खड्डा भरतो. वजनाने अर्ध्या असलेल्या अंगठ्या साखळीइतकंच, म्हणजे १६ ग्रॅम, चोख मागतात. हलक्या कॅरेटचा छोटासा डाग किती महागात पडतो, ते या गुणाकारात दिसतं, नुसत्या वजनात दिसत नाही.

दोन अज्ञातं

पण हार हवा होता ४४ ग्रॅमचा. साखळी, दोन्ही अंगठ्या आणि ३२ ग्रॅम चोख म्हणजे ५६ ग्रॅम होतात. काकूची इच्छा अशी होती की साखळी पूर्ण वापरावी, कारण ती तुटकी होती आणि तशी कुणी घालत नव्हतं. मग अंगठ्यांतलं किती घालायचं आणि चोख किती? इथे दोन गोष्टी माहीत नाहीत, तेव्हा समीकरणंही दोन लागणार. दहावीच्या बीजगणितातलं पहिलंच प्रकरण, दोन चलांतील रेषीय समीकरणं.

अंगठ्यांचं सोनं य ग्रॅम, चोख क्ष ग्रॅम.

वजनाचं खातं: १६ + य + क्ष = ४४
चोखाचं खातं: ३२० + १८य + २४क्ष = २२ × ४४ = ९६८

पहिल्यावरून य + क्ष = २८. दुसऱ्यावरून १८य + २४क्ष = ६४८. पहिल्याला १८ ने गुणून दुसऱ्यातून वजा केलं की ६क्ष = १४४, म्हणजे क्ष = २४ आणि य = ४.

चार ग्रॅम, म्हणजे बरोबर एक अंगठी. कारागिराला अंगठी कापावी लागत नाही, हे नशीब. ४४ ऐवजी ४० ग्रॅमचा नमुना निवडला असता तर य = २.६७ आला असता, आणि एक अंगठी कापून तिचा तिसरा हिस्सा परत घ्यायची पाळी आली असती. कारागीर तेही करून देतो, पण त्या तुकड्याचं पुढे काही होत नाही, तो मोडीतच जातो. अशा वेळी मी हाराचं वजन अख्ख्या अंगठीला जुळेल इतकं हलवायला सांगेन. समीकरण अपूर्णांकाला भीत नाही, पण डब्यातले डाग अख्खे असतात.

चोवीसपैकी १२ ग्रॅम नाणी घरचीच. विकत घ्यायचे उरले १२ ग्रॅम. सराफ म्हणत होता तसं सगळं आटवलं असतं तर बत्तीस लागले असते.

इथे काकूने एक आडवा प्रश्न विचारला. नवीन काहीच न घेता, घरच्या बारा ग्रॅमांवर भागवलं तर? हार छोटा झाला तरी चालेल. मुलगा उत्साहात होता, त्याने लगेच मांडलं. साखळी पूर्ण, चोख १२, अंगठीचं सोनं य. खड्डा ३२ + ४य, भर २४. म्हणून

३२ + ४य = २४
य = −२

उणे दोन ग्रॅम अंगठी. वर्गात असं उत्तर आलं की पोरं चिन्ह खोडून २ लिहितात आणि पुढे जातात. मुलानेही पेन्सिल उचलली होती, तिथेच थांबवलं. उणे चिन्ह इथे स्पष्ट बोलतंय: बारा ग्रॅम चोखात अख्खी साखळीसुद्धा बावीसला येत नाही, अंगठी घालायची बातच सोडा. साखळीतलेच जेमतेम १२ ग्रॅम वर येतील आणि २४ ग्रॅमचा माल होईल. भास्कराचार्यांनीही 'बीजगणित' या ग्रंथात एका उदाहरणाचं दुसरं उत्तर, त्यातून ऋण संख्या येते आणि लोकांना ते पटत नाही म्हणून, बाजूला ठेवलं आहे. सोनाराच्या तराजूवर तर ते पटण्याचा प्रश्नच नाही. पण खोडण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं.

चिठ्ठीतली गफलत

भास्कराचार्यांचं नाव आलंच आहे, तर त्यांच्याच मदतीने त्या चिठ्ठीकडे जाऊ. आमच्या जिल्ह्याला तो हक्क आहे. चाळीसगावजवळच्या पाटण गावी एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केला, त्याची ही नोंद. मठाच्या देणगीचं साल १२०७. 'लीलावती' त्याच्या आधीची, ११५० ची. तिच्यातल्या मिश्रव्यवहारात सोन्याचा हिशेब स्वतंत्र दिला आहे, आणि तो वाचताना वाटतं की काकूच्या शेजारीच बसून कुणी लिहिला.

त्या काळी चोख सोनं सोळा वर्णाचं. उदाहरण असं (मासा हे जुनं वजन): तेरा वर्णाचं १० मासे, बाराचं ४, अकराचं २ आणि दहाचं ४ मासे सोनं एकत्र आटवलं, तर लगड किती वर्णाची? १३० + ४८ + २२ + ४० म्हणजे २४०, भागिले २० मासे, उत्तर बारा. इथवर आपलाच हिशेब. मग पुढचा प्रश्न येतो: हे वीस मासे शुद्ध करताना सोळाच मासे उरले, तर वर्ण किती? २४० भागिले १६, पंधरा.

हीच ती जागा. वजन वीसवरून सोळावर आलं, पण २४० तसेच राहिले, कारण जळून गेलं ते हीण, सोनं नव्हे. वजन घटलं की वर्ण चढतो.

साखळीचंही तेच झालं होतं. पोकळ साखळीत कड्याकड्याला झाळ, म्हणजे सांधे जोडणारा मिश्रधातू, असते. जुन्या झाळकामात कॅडमियम आणि जस्त असायचं. सोनं वितळतं १०६४ अंश सेल्सियसला. कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतं, जस्त ९०७ ला. मूस तापेपर्यंत ते वाफ होऊन निघून जातात (आणि कॅडमियमची ती वाफ कारागिराच्या फुप्फुसाला घातक, म्हणून ही झाळ आता टाळतात). तांब्यापैकी काही भाग जळून टाकणखाराबरोबर मळीत जातो. सोन्याचे एक-दोन कण मुशीला चिकटतात, पण ते अगदीच थोडे.

आता चिठ्ठी पुन्हा वाचा. वजन १६.८४, घट वजा, निव्वळ १६, टंच १९. यंत्राने एकोणीस दाखवला तो आटवण्याआधीच्या साखळीचा, झाळीसकट. तो धरायचा तर वजनही झाळीसकटच धरायला हवं: १६.८४ × १९, जवळपास ३२० कॅरेट-ग्रॅम. घट काढून १६ ग्रॅम धरायचे तर टंच आटवल्यानंतरचा, वीस: १६ × २०, पुन्हा ३२०. दोन्हींपैकी कुठलाही रस्ता घ्या, एकाच ठिकाणी पोहोचाल. चिठ्ठीने मात्र वजन आटवल्यानंतरचं घेतलं आणि टंच आधीचा. १६ × १९ म्हणजे ३०४. झाळीचं हीण दोनदा कापलं गेलं, एकदा घटीच्या नावाने आणि एकदा टंचाच्या.

सोळा कॅरेट-ग्रॅमांचा फरक, म्हणजे पाऊण ग्रॅमाला थोडं कमी चोख सोनं. मोड देऊन पैसे घ्यायचे असते तर नुकसान एवढ्यावर थांबलं असतं. भर घालायची असल्याने ते फुगतं. साखळी एकोणीसची धरली की तिचा खड्डा ३२ ऐवजी ४८ होतो आणि हाराला २४ ऐवजी ३२ ग्रॅम चोख लागतं. आठ ग्रॅम जास्त. भरीच्या सोन्याचा प्रत्येक ग्रॅम जेमतेम दोनचा खड्डा भरतो, म्हणून टंचातली लहानशी चूक मोठी होऊन बाहेर येते. शेजारच्या दुकानात भाव दहा-वीस रुपयांनी कमी आहे का, हे माणसं तासभर विचारत फिरतात. टंच कधीचा आणि वजन कधीचं, हे कुणी विचारत नाही.

सराफाने मुद्दाम केलं, असं माझं म्हणणं नाही. घट कापायची एक सवय आणि टंच पाहायची दुसरी सवय, दोन्ही वेगवेगळ्या हातांनी होतात. एका चिठ्ठीवर येतात तेव्हा त्या एकाच हिणाबद्दल बोलत आहेत, हे लक्षात राहत नाही. काकूने एवढंच म्हटलं, "साखळी माझ्यासमोर आटवा, लगडीचं वजन करा, आणि तिचाच टंच काढा." त्याने काढला. सोळा ग्रॅम, वीस कॅरेट. वाद झाला नाही.

फुलीची रीत

सराफाचे जुने मुनीम समीकरण मांडत नाहीत. ते फुली मारतात. एका बाजूला २४, दुसऱ्या बाजूला १८, मध्ये २२. तिरके फरक: २४ − २२ = २ हा अठराच्या वाट्याला, २२ − १८ = ४ हा चोविसाच्या वाट्याला. म्हणजे अठराचा एक भाग, चोखाचे दोन. एका अंगठीला आठ ग्रॅम चोख. साखळीसाठी २४ आणि २०, फरक दोन आणि दोन, समसमान. सोळाला सोळा. बेरीज चोवीस, आपल्या समीकरणाचंच उत्तर.

'लीलावती'तही हा प्रकार आहे: सोळा वर्णाचं आणि दहा वर्णाचं सोनं मिसळून बारा वर्णाचं झालं, दोन्हींची वजनं सांग. उत्तर अनुक्रमे दोन आणि चार, तिरक्या वजाबाकीने. अर्थात हे प्रमाण झालं. दोन आणि चार काय, पाच आणि दहा काय, बाराच येणार.

स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये हल्ली फक्त फुलीच शिकवतात, कारण वेळ वाचतो. माझा तिला विरोध नाही. पण ती कुठून येते ते माहीत नसलं तर तिसरा डाग आला, किंवा एकूण वजन ठरवून दिलं, की हात थांबतो. वजनाचं आणि चोखाचं अशी दोन खाती मांडता येणाऱ्याला फुली केव्हाही काढता येते, उलटं होत नाही.

बाजारातलं चोवीस

एक गोष्ट उरली, आणि तिचा हिशेब कॅरेटमध्ये नीट होत नाही. बाजारात चोख म्हणून मिळणारं सोनं बहुधा दोन प्रकारचं असतं, हजारात ९९९ आणि हजारात ९९५. बावीसचा शिक्का ९१६, वीसचा ८३३, अठराचा ७५०. काकूची नाणी ९९९ ची होती. दुकानातून घेतलेले १२ ग्रॅम निघाले ९९५ चे. पावतीवर तसं लिहिलं होतं, लपवलेलं काही नव्हतं.

खड्डे पुन्हा मोजले. साखळी ९१६ च्या ८३ ने खाली, १६ ग्रॅम: १३२८. अंगठी १६६ ने खाली, ४ ग्रॅम: ६६४. एकूण १९९२. नाण्यांचा प्रत्येक ग्रॅम ८३ भरतो, बारांचे ९९६. दुकानच्या सोन्याचा प्रत्येक ग्रॅम ७९ भरतो, बारांचे ९४८. भर १९४४. कमी पडतात ४८. ते भरायला ९९५ चं आणखी ०.६१ ग्रॅम लागेल, किंवा अंगठीतून ०.२९ ग्रॅम कापून ठेवावं लागेल.

पाव-अर्ध्या ग्रॅमासाठी कोण एवढं बघतं, असं वाटेल. पण हॉलमार्क केंद्र बघतं. शिक्का ९१६ चा हवा असेल तर खाली घसरलेलं चालत नाही. आणि त्यांची अग्निपरीक्षा, म्हणजे नमुना तोलायचा, त्यातलं सोन्याखेरीजचं सगळं काढून टाकायचं, उरलेलं पुन्हा तोलायचं आणि भागाकार करायचा. अंदाजाला तिथे जागा नसते.

कारागिराला मी हा ०.६१ चा आकडा सांगायला गेलो तेव्हा त्याने मूस आधीच चढवली होती. ९९५ ची तार घालताना तो दर वेळी थोडी जास्त तोडतो, म्हणाला. या खेपेला पाऊण ग्रॅम जास्त घातली होती. तेवढ्याचे पैसे काकूने वेगळे दिले. केंद्रावरून हार ९१६ चा शिक्का आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, घेऊन आला. दुसरी अंगठी घरीच आहे, आणि तिला बावीसला आणायला आठ ग्रॅम लागतील, हे मुलाने वही न उघडता सांगितलं.